कॉपी केलेला मजकूर राहतो कुठे?

कंट्रोल-सी दाबलं की स्क्रीनवर काहीच होत नाही. कंट्रोल-एक्सने निदान मजकूर जागचा नाहीसा तरी होतो. कॉपी केल्याची मात्र ना खूण, ना आवाज. तरी आपण निर्धास्तपणे दुसऱ्या प्रोग्राममध्ये जातो, कंट्रोल-व्ही दाबतो आणि मजकूर हजर होतो. मधल्या वेळात तो कुठे होता, कुणाच्या ताब्यात होता, पहिला प्रोग्राम दरम्यान बंद केला असता तर तो उरला असता का, हे प्रश्न आता कुणाला पडत नाहीत. १९८०च्या दशकातल्या संगणकांवर मात्र ते पडत, आणि सिस्टिम बदलली की उत्तरही बदलत असे.

डॉसचं उत्तर सगळ्यांत सरळ होतं: कुठेच नाही. एमएस-डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवायचं. वर्डस्टार या लेखनाच्या प्रोग्राममधून बाहेर पडल्याशिवाय लोटस हा आकड्यांच्या तक्त्यांचा प्रोग्राम उघडता येत नसे, आणि बाहेर पडलं की वर्डस्टारने मेमरीत जे काही ठेवलं असेल त्यावर पुढचा प्रोग्राम येऊन बसे. स्वतःपुरती नक्कल वर्डस्टारला उत्तम जमायची. कंट्रोल-के-बी दाबून ब्लॉकची सुरुवात करायची, कंट्रोल-के-केने शेवट, आणि कर्सर हवा तिथे नेऊन कंट्रोल-के-सी. पण हा सगळा घरातल्या घरातला कारभार. ब्लॉक बाहेर काढायचा तर कंट्रोल-के-डब्ल्यूने तो डिस्कवर वेगळ्या फाइलीत लिहायचा आणि बाहेरचं काही आत घ्यायचं तर कंट्रोल-के-आरने फाइल वाचून घ्यायची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे गावोगावी कॉम्प्युटर क्लास निघाले, तिथे डॉस, वर्डस्टार, लोटस आणि डीबेस अशी चौकडी शिकवली जाई. ज्यांनी ते क्लास केले त्यांना लोटसमधला तक्ता वर्डस्टारच्या पत्रात घालण्याचा खटाटोप आठवत असेल. तिरकी रेघ दाबून मेनू आणायचा, प्रिंट निवडायचं, पण प्रिंटरऐवजी फाइल म्हणायचं. मग डिस्कवर ‘पीआरएन’ अशा आडनावाची फाइल तयार होई. म्हणजे तक्ता कागदावर जसा छापला गेला असता तसाच्या तसा फाइलीत उतरे: डावीकडे चार जागांचा समास, पानाच्या वर-खाली कोऱ्या ओळी, आणि तक्ता रुंद असेल तर उजवीकडचे रकाने तुटून खाली वेगळे. हे टाळायला ऑप्शन्समध्ये जाऊन समास शून्य करायचा, ‘अनफॉरमॅटेड’ निवडायचं, आणि एवढं करून वर्डस्टारमध्ये पोचायचे ते फक्त दिसणारे आकडे. त्यांच्यामागची सूत्रं लोटसमध्येच राहायची. रकाने सरळ दिसायचे तेही मध्ये भरलेल्या स्पेसांच्या जिवावर.

ही यातायात चुकवायला एक हुशार जमात निघाली. मेमरीत दडून राहणारे छोटे प्रोग्राम. त्यांतला सर्वांत गाजलेला बोरलँड कंपनीचा साइडकिक, १९८४ सालचा. तो आधी सुरू करून ठेवायचा. मग वर्डस्टार चालू असो की लोटस, कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबलं की चालू काम गोठायचं आणि त्याच्यावर साइडकिकची खिडकी उघडायची. तिच्यात टिपणवही होती, गणकयंत्र होतं, दिनदर्शिका होती. आणि टिपणवहीत खालच्या प्रोग्रामच्या स्क्रीनवरचा मजकूर उचलून घ्यायची सोय होती.

उचलायचा कसा, हे पाहण्यासारखं आहे. खाली लोटस चालू आहे की आणखी काही, हे साइडकिकला ठाऊक नसे आणि ठाऊक असून उपयोगही नव्हता. पण त्या काळच्या पीसीवर स्क्रीनवरचं प्रत्येक अक्षर मेमरीतल्या एका ठरलेल्या पत्त्यावर असे. ८० रकाने, २५ ओळी, म्हणजे २००० अक्षरं. प्रत्येकाला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक त्याच्या रंगाचा. एकूण ४००० बाइट. या चार हजारांतले एकाआड एक बाइट वाचत गेलं की स्क्रीनवरचा मजकूर हाती आला. प्रोग्रामची परवानगी नको, की त्याला पत्ता लागायला नको.

अर्थात हाती यायचं ते फक्त दिसणारं. तक्त्यात १२.३४५६ असेल आणि रकान्यात १२.३५ दिसत असेल, तर १२.३५च यायचं. खिडकीची चौकट ज्या जोड-रेघांनी काढलेली असे त्याही अक्षरंच असल्यामुळे मजकुराबरोबर चौकटीचे तुकडेही येत. सव्विसावी ओळ हवी असेल तर आधी खाली सरकायचं आणि पुन्हा उचलायचं.

टाकण्याची तऱ्हा तर याहून मजेची. लोटस काय किंवा वर्डस्टार काय, कुणाकडेच बाहेरून मजकूर स्वीकारायचं दार नव्हतं. एकच दार उघडं होतं, कीबोर्ड. मग साइडकिक त्या दाराने शिरायचा. प्रोग्राम ‘पुढची कळ कोणती?’ असं विचारायचा तेव्हा मध्येच हात घालून तो साठवलेल्या मजकुरातलं एकेक अक्षर पुढे करायचा. सगळं एकदम ओतून चालत नसे, कारण बायोसच्या कीबोर्ड बफरमध्ये जेमतेम १५ कळा मावत. त्या भरल्या की पीसी बीप-बीप करायला लागे. स्क्रीनवर पाहणाऱ्याला वाटे, अदृश्य टायपिस्ट कामाला बसलाय.

यात जो धोका होता तो ‘पेस्ट’ या कल्पनेच्या मुळाशी जातो. पलीकडच्या प्रोग्रामला हा मजकूर आहे हे कळायला मार्गच नव्हता. त्याच्या दृष्टीने कुणीतरी कळा दाबत होतं. लोटसमध्ये टाकलेल्या एखाद्या ओळीची सुरुवात तिरक्या रेघेने झाली तर मेनू उघडायचा आणि त्यापुढचं प्रत्येक अक्षर म्हणजे मेनूतली एकेक आज्ञा. डीबेस हा माहितीसाठ्याचा प्रोग्राम स्क्रीनवर एक बिंदू दाखवून हुकमाची वाट पाही; त्या बिंदूपुढे पत्रातला परिच्छेद पडला तर तो बिचारा प्रत्येक ओळ हुकूम समजून पाळायला जाई आणि चुकांची जंत्री सुनावे. आजही टर्मिनलमध्ये कुठूनतरी उचललेल्या चार ओळी टाकताना जाणकार माणूस आधी त्या डोळ्यांखालून घालतो, कारण तिथे मजकूर आणि हुकूम यांतलं अंतर अजून तितकंच पुसट आहे.

हे अंतर स्पष्ट करण्याचं श्रेय कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्राला, आणि तिथल्या लॅरी टेस्लर व टिम मॉट या दोघांना जातं. तिथे आल्टो नावाच्या संगणकावर ब्राव्हो हा संपादक-प्रोग्राम होता. कागदावर जसं उमटेल तसंच स्क्रीनवर दाखवणारा, काळाच्या फार पुढचा. पण तो ‘मोड’वर चालायचा: आज्ञेच्या मोडमध्ये असताना अक्षरं म्हणजे हुकूम. त्याबद्दल एक किस्सा सांगितला जातो. कुणी आपण लिहिण्याच्या मोडमध्ये आहोत असं समजून ‘एडिट’ हा शब्द टाइप केला. ई म्हणजे सगळा मजकूर निवड. डी म्हणजे उडव. आय म्हणजे आता घालायला सुरुवात कर. उरला टी, तो इमानेइतबारे घातला गेला. अख्ख्या दस्तऐवजाच्या जागी एकटा टी.

बॉस्टनजवळची गिन अँड कंपनी ही पाठ्यपुस्तकं काढणारी प्रकाशनसंस्था झेरॉक्सच्या मालकीची होती. तिच्या संपादकांसाठी टेस्लर आणि मॉट यांनी १९७४-७५मध्ये जिप्सी हा प्रोग्राम केला. तिथली माणसं संगणकाची नव्हेत, कात्री आणि डिंकाची सराईत होती: छापील मजकुराच्या पट्ट्या कापायच्या, हव्या तिथे चिकटवायच्या. जिप्सीत कापणं-चिकटवणं तसंच ठेवलं. आधी माउसने मजकूर निवडायचा, मग काय करायचं ते सांगायचं. आणि अक्षराची कळ दाबली तर ते अक्षरच उमटणार, हुकूम होणार नाही. टेस्लर मोडचा इतका वैरी की त्याच्या गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘नो मोड्स’ होतं.

टेस्लर १९८०मध्ये ॲपलमध्ये गेला. १९८३च्या लिसा या संगणकावर एक्स, सी, व्ही या शेजारशेजारच्या कळा कापणं, कॉपी आणि चिकटवणं यांना मिळाल्या: एक्स म्हणजे खोडल्याची फुली, आणि व्ही म्हणजे मुद्रितशोधक मध्ये काही घालायचं असताना जी खूण करतो ती उलटी केलेली. डावीकडची झेड केलेलं रद्द करायला. एका हाताच्या बोटांखाली चारही. ही मांडणी १९८४च्या मॅकिंटॉशमध्ये आली आणि मग जगभर पसरली. वर्डस्टारवर हात बसलेल्यांना मात्र ती वैतागाची होती. तिथे कंट्रोल-एक्स म्हणजे एक ओळ खाली, कंट्रोल-सी म्हणजे एक स्क्रीन खाली. आणि साध्या डॉसवर कंट्रोल-सी म्हणजे तर चालू प्रोग्रामचा गळा दाबणं.

पहिल्या मॅकची गोष्ट मला सर्वांत आवडते, कारण तिथे परिस्थिती डॉसइतकीच बिकट होती. मेमरी १२८ केबी, फ्लॉपी ४०० केबीची आणि तीही एकच, एका वेळी प्रोग्रामही एकच. मॅकपेंटमधलं चित्र मॅकराइटमधल्या पत्रात घालायचं तर मॅकपेंट बंद करून, फ्लॉप्यांची अदलाबदल करत मॅकराइट उघडणं आलंच. फरक इतकाच की जुना प्रोग्राम जाऊन नवा येताना कॉपी केलेला तुकडा तेवढा जपायचा, ही जबाबदारी सिस्टिमने पत्करली होती. मेमरीत जागा असेल तर मेमरीत, नाही तर डिस्कवर ‘क्लिपबोर्ड फाइल’ नावाच्या फाइलीत. एकावेळी एकच तुकडा राहायचा, नवा आला की जुना गेला. जास्त दिवस ठेवायचं असेल ते स्क्रॅपबुकात चिकटवून ठेवायचं. ते फ्लॉपीवरच असल्याने मशीन बंद झालं तरी टिकायचं.

ॲपलने आणखी एक दंडक घातला आणि माझ्या मते खरी मेख तिथे आहे. कॉपी करणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने तुकडा निदान दोन प्रमाण रूपांपैकी एकात ठेवलाच पाहिजे: साधा मजकूर किंवा चित्र. वर आपलं स्वतःचं खास रूप ठेवायला कुणाची ना नव्हती. म्हणजे एकच तुकडा एकाच वेळी अनेक रूपांत असायचा, आणि घेणारा त्याला झेपेल ते उचलायचा. हा करार नसता तर मॅकराइटला मॅकपेंटचं चित्र कळलंच नसतं, मग ते मेमरीत असो की डिस्कवर.

मायक्रोसॉफ्टने १९८५च्या पहिल्या विंडोजमध्ये हीच कल्पना घेतली. कळा मात्र दुसऱ्या; विंडोजमध्ये पुढे रूढ झाल्या त्या शिफ्ट-डिलीट, कंट्रोल-इन्सर्ट आणि शिफ्ट-इन्सर्ट. जुन्या ऑपरेटरांच्या बोटांत त्या अजून आहेत आणि बऱ्याच ठिकाणी अजून चालतातही. विंडोजने एक भर घातली: उधारी. प्रोग्राम म्हणू शकत असे की अमुक रूप माझ्याकडे आहे, पण मागितल्यावरच देईन. पाच रूपं आधीच करून मेमरी अडवण्यापेक्षा हे बरं. पण मग प्रोग्राम बंद करायची वेळ आली की देणं चुकतं करावं लागणार. वर्ड बंद करताना कधीकधी विचारणा यायची, ‘क्लिपबोर्डवर बराच मजकूर आहे, तो इतर प्रोग्रामांसाठी ठेवू का?’ ती याचसाठी. बहुतेक जण न वाचता हो म्हणत.

डॉसचे प्रोग्राम विंडोजच्या खिडकीत चालू लागले तरी क्लिपबोर्ड म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हतंच. म्हणून विंडोजने चक्क साइडकिकची युक्ती वापरली. उचलायचं तर स्क्रीनवर चौकोन आखून तेवढी अक्षरं घ्यायची. टाकायचं तर कीबोर्डवरून टाइप केल्यासारखं भरवायचं. विंडोज ९५मध्ये डॉस प्रोग्रामच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘फास्ट पेस्टिंग’ अशी एक चौकट असे. काही प्रोग्राम भराभर आलेल्या कळा गिळून टाकत, तेव्हा तिची टिचकी काढायची. मग विंडोज सावकाश टाइप करी.

केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो (१९८१) नकलेच्या प्रश्नावर निराळीच शक्कल लढवायचा. भारतातही १९८४मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय प्रकल्पात हेच संगणक होते, तेव्हा काही वाचकांचा हात त्याला लागला असेल. त्याच्या कीबोर्डावर ‘कॉपी’ नावाची कळच होती. बाणाची कळ दाबली की कर्सर दुभंगायचा: एक लिहायच्या जागी थांबायचा, दुसरा स्क्रीनभर हिंडायचा. दुसरा हव्या त्या अक्षरावर नेऊन कॉपी दाबत राहिलं की ती अक्षरं एकेक करून पहिल्यापाशी उमटत. मध्ये साठवण नाहीच. स्क्रीन हाच साठा. ज्या मोडमध्ये स्क्रीनवर अक्षरं नसून ठिपके असत, तिथे तो संगणक ठिपक्यांची नक्षी आपल्या अक्षरसाच्यांशी ताडून पाहायचा आणि हे अमुक अक्षर असं ओळखायचा.

आणि मग एमआयटीत जन्मलेली एक्स विंडो सिस्टिम, युनिक्सच्या वर्कस्टेशनांवरची. १९८७मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. लिनक्सवर अजून पुष्कळ ठिकाणी तीच आहे. एक्सने मजकूर ठेवून घ्यायलाच नकार दिला. मजकूर नुसता निवडला की तो ‘कॉपी’ झाला. माउसचं मधलं बटण दाबलं की तिथे टाकला. कळ नाही, मेनू नाही. पण निवडल्यावर एक्सचा सर्व्हर एवढंच टिपून ठेवतो की निवड सध्या अमुक खिडकीच्या नावावर आहे. टाकणाऱ्याने विचारलं की तो दलालासारखा दोघांची गाठ घालून देतो. माल शेवटपर्यंत मालकाकडेच. मालक प्रोग्राम बंद झाला की विषय संपला, टाकायला काही उरत नाही. विंडोजवरून आलेल्या माणसाला याचा फार मनस्ताप होतो. खिडकी बंद केली, मजकूर गेला! त्याहून छळवादी प्रकार म्हणजे एक शब्द निवडायचा, दुसऱ्या ठिकाणचा जुना शब्द बदलायचा म्हणून तोही निवडायचा, की पहिली निवड पुसली. म्हणून नंतर या निवडीच्या, म्हणजे ‘प्रायमरी’च्या, जोडीला वेगळा ‘क्लिपबोर्ड’ रूढ झाला. पहिला निवडल्यावर भरतो, दुसरा कंट्रोल-सीने, आणि दोहोंत एकाच वेळी दोन वेगळे मजकूर असू शकतात. सवय झाली की याच्यासारखी सोय नाही, हेही खरं.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र ‘कुठे राहतो’पेक्षा ‘कोणत्या रूपात राहतो’ हाच प्रश्न वर्षानुवर्षं डोकेदुखी होऊन बसला. डॉसच्या काळी पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. पीसीत ते बसवलं की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या परक्या प्रोग्रामांतही देवनागरी लिहिता येई. फाइलीत साठायची ती इस्कीची संकेतचिन्हं, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने अक्षरं. ती दिसायची कशी हे कार्ड पाही. त्यामुळे एका प्रोग्राममधली मराठी फाइल दुसऱ्याने वाचली तरी मराठीच राहायची.

विंडोजवर डीटीपी आलं आणि ही शिस्त मोडली. श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांच्या फाँटांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत, आणि अमुक आकार कुठे बसवायचा हे ज्याचं त्याने ठरवलेलं. साठवली जायची ती अक्षरं नसून आकारांची यादी होती: अर्धा क, काना, निरनिराळ्या लांबीच्या वेलांट्या. ‘कि’ लिहिला तर फाइलीत वेलांटी आधी आणि क नंतर, कारण डोळ्याला तशी दिसते. वर्डमधून वर्डमध्ये नेलं तर फाँटचं नाव बरोबर जाई आणि सगळं ठीक दिसे. नोटपॅडमध्ये टाकलं की साधा मजकूर तेवढा उतरे, फाँटचं नाव मागे राही, आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरं व चित्रविचित्र चिन्हांची गिचमिड. पानं जुळवायच्या पेजमेकर या प्रोग्रामवर काम करणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरने ती पाहिली आहे.

विंडोज २०००पासून देवनागरी युनिकोडला आधार मिळाला आणि अडचणीने कूस बदलली. आता वेबवरची मराठी उचलून पेजमेकरमध्ये टाकली की नुसती प्रश्नचिन्हं. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. तो क्लिपबोर्डकडे जुना, एका बाइटला एक अक्षर असा मजकूर मागतो. तसा कुणी ठेवलेला नसला तरी विंडोज मदतीला धावतं आणि युनिकोडवरून तो बनवून देतं. पण त्या जुन्या अक्षरसंचात देवनागरी नाही, म्हणून प्रत्येक संकेताच्या जागी एक प्रश्नचिन्ह. ‘क्षत्रिय’ हा डोळ्याला तीन अक्षरांचा शब्द युनिकोडमध्ये क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य असा असतो, म्हणून आठ प्रश्नचिन्हं उमटतात.

या दोन्हींत निवड करायची झाली तर गिचमिड परवडली. ती दिसायला भयंकर असली तरी तिच्यात प्रत्येक आकाराचा बाइट जागेवर असतो. फाँट लावला की मराठी परत दिसते, आणि कोणता फाँट होता हे कळलं तर कन्व्हर्टर वेलांट्या मागे-पुढे करून तिचं युनिकोडही करून देतो. जुन्या मासिकांच्या आणि पुस्तकांच्या फाइली आज वाचवल्या जातात त्या याच वाटेने. प्रश्नचिन्हांची फाइल मात्र एकदा सेव्ह केली की तिच्यातून आठ संकेत होते यापलीकडे काहीही काढता येत नाही.